नीलक्का कुणाची कामगार नव्हती

नीलक्का गेल्याचं मला उमानं फोनवर सांगितलं. उमा म्हणजे तिची मुलगी. सकाळची वेळ, चहाचं आधण गॅसवर होतं. "मावशी, आई गेली. झोपेतच गेली. तुम्ही या," एवढंच ती म्हणाली, आणि मीही पुढं काही विचारलं नाही. शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत पोचले तेव्हा नीलक्काला बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं होतं, त्यांच्या लिंगायतांत बसवतात तसं. कपाळभर विभूती, गळ्यात फुलांचे हार, हनुवटी थोडी वर. ऐंशी ओलांडलेली बाई, पण वाटत होतं की समोर कुणीतरी चुकीचं बोलतंय, ती ते शेवटपर्यंत ऐकून घेतेय आणि मग उत्तर देणार आहे... मी तिच्या पायाशी बसून पोटभर रडले. राग तेव्हा आला नव्हता. तो आला त्याच आठवड्यात, वर्तमानपत्र उघडल्यावर.

बोटभर बातमी होती. तिच्यात नीलक्काचा उल्लेख शहरातल्या एका जुन्या पेढीतली ज्येष्ठ कामगार असा केला होता. सोलापुरात कवड्या-शिंपल्यांच्या दागिन्यांचा धंदा त्या पेढीच्या मालकांनी, म्हणजे कैलासवासी शेठजींनी सुरू केला आणि नीलक्का त्यांच्या हाताखाली तयार झाली, असं त्यात म्हटलं होतं. मी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. पुढं गणाराधना, म्हणजे त्यांच्यातला दिवसांचा विधी, झाल्यावर शोकसभा भरली, तिथं शेठजींचे चिरंजीव उभे राहिले आणि तेच बोलले. बाबांनी या बाईंच्या हाताला वळण लावलं, म्हणाले. मी हात वर केला. सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी घड्याळाकडे बघितलं आणि वेळेअभावी इथेच थांबू म्हणाले. स्तब्धता पाळायला मात्र वेळ होता. सगळे माना खाली घालून उभे राहिले, मी मान वर ठेवून त्या चिरंजीवांकडे बघत राहिले. तिथं बोलू दिलं नाही म्हणून इथं लिहिते आहे. शेठजींचं नाव मी लिहिणार नाही. भीती कसलीच नाही आता या वयात, पण त्यांचं नाव या शहरात आधीच पुष्कळ पाट्यांवर आहे, त्यात माझ्या हातून आणखी एकीची भर नको.

मी माळशिरसकडची. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले. मॅट्रिक झाले होते, शिक्षिकेच्या नोकरीची वाट बघत होते आणि तोवर दुपार कशी घालवायची हा प्रश्न होता. समोरचंच घर नीलक्काचं. पुढच्या भागात तिच्या नवऱ्याचं, मल्लिनाथ अण्णांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. हळदकुंकू, कापूर, वाती, परड्या, आणि पोत्यातून उघड्या ठेवलेल्या कवड्या. तुळजापूरच्या देवीचे आराधी, गोंधळी तिथून कवड्या मापून न्यायचे आणि गळ्यातली माळ आपल्या हातानं ओवायचे. कवडीचा धंदा तेव्हा एवढाच होता. नवरात्रात दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, बाकी वर्षभर ती पोती कोपऱ्यात पडून. नीलक्का वळसंगची. घरात कानडी बोलायची, दारात मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला अहोजाहोच करायचे, पण मनात ती पहिल्यापासून 'ती' होती, म्हणून इथंही तसंच लिहिते.

धंदा कसा सुरू झाला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत आम्ही दोघी फिरत होतो. बांगड्यांच्या एका दुकानापाशी एक लमाण बाई उभी होती, गळ्यात कवड्यांचा घसघशीत हार. कॉलेजातल्या दोन मुली तिच्या मागं लागल्या होत्या, हा हार आम्हाला दे म्हणून. ती बाई हसली, हारावर हात ठेवला आणि आपल्या वाटेनं निघून गेली. मुली हिरमुसून तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. मी चला म्हटलं तर नीलक्का म्हणाली, "थांब की. त्या पोरी कसं बघलालेत ते बघू दे." घरी येईपर्यंत ती गप्प होती, आणि नीलक्का गप्प आहे ही आमच्या गल्लीत सहसा न घडणारी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर ती अंगणात फरशीवर पाणी टाकून कवडीची फुगीर पाठ घासत बसली होती. पाठ घासून गेली की कवडी सपाट बसते आणि आरपार दोरा जातो. तेवढं आराधीही करायचे. पण पुढं काय करायचं ते तिनं स्वतः शोधलं. दोऱ्यात ओवलेली कवडी गळ्यात उलटीपालटी होते, हा तिला पडलेला पहिला प्रश्न. मागच्या गल्लीत नरसम्मा नावाची तेलुगू बाई राहायची, नवरा चादरीच्या मागावर. चादरी विणून उरलेलं रंगीत सूत तिच्याकडं ढीगभर असायचं. नीलक्कानं ते लाल, हिरवं, पिवळं सूत मागून आणलं, त्याची वेणी घातली आणि दोन कवड्यांमध्ये अशी एक गाठ बसवली की कवडी हलेना. कितीतरी दुपारी त्या गाठीत गेल्या. बांधायची, गळ्यात घालून आरशात बघायची, सोडायची. मधे बारीक शिंपले, खाली एक छोटा शंख. पहिला हार मनासारखा झाला तेव्हा तिनं तो माझ्या गळ्यात घातला, मला लांब उभं केलं आणि बराच वेळ बघून म्हणाली, "आता कुणी लमाणबाईच्या मागं पळायला नको."

पुढच्या गड्ड्यात आम्ही एक बाकडं मांडून बसलो. दोन दिवसांत बाकडं रिकामं झालं. दुष्काळाचं वर्ष होतं ते, गावोगावच्या बायका खडी फोडायला जात होत्या, आणि तशात दागिने कोण घेणार असं मल्लिनाथ अण्णांनी सतरांदा बजावलं होतं. पण सोन्याकडं बघायचीही सोय नसलेल्या मुलींना लग्नात घालायला काहीतरी हवंच होतं. त्याच जत्रेत मुंबईहून आलेल्या, कलाकुसरीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी आमचे हार पाहिले आणि वर्षभर माल पाठवाल का, असं विचारलं. मुंबईत तेव्हा लांब केसांची परदेशी मुलं-मुली हिंडायची म्हणे, त्यांना असलं काही फार आवडायचं. नीलक्का हो म्हणाली. नवऱ्याला, सासूला, कुणाला न विचारता हो म्हणाली. मग अंगणात बायका बसायला लागल्या. नरसम्मा सूत घेऊन यायची आणि वेणी घालायची. रुक्मिणबाई नावाची आराधीण यायची. देवीच्या नावानं जोगवा मागणारी बाई, गळ्यात पाच पदरी माळ, कपाळाला मळवट. कवडी घासण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. विडीच्या कारखान्यानं घरी बसवलेल्या दोघीतिघी होत्या. मी गाठी मारायला शिकले. कानडी, तेलुगू, मराठी, सगळ्या भाषा त्या अंगणात एकाच वेळी चालायच्या. दुपारी कुणी शेंगाचटणी आणायचं, कुणी कडक भाकरी. माझ्या सबंध आयुष्यात इतकं हसणं मी दुसऱ्या कुठल्या जागी ऐकलेलं नाही.

आता शेठजींकडे वळते. ते कवड्यांचे ठोक व्यापारी होते. दक्षिणेच्या समुद्रावरून पोती यायची ती त्यांच्या गोदामात, तिथून सगळ्या जिल्ह्यातल्या दुकानांत. नीलक्काला चांगल्या, एकसारख्या कवड्या हव्या होत्या. त्यांच्या पोत्यांत निम्मा माल फुटका निघायचा, आतला किडा तसाच वाळलेला असायचा आणि घरात वास सुटायचा. तिनं दोनदा तक्रार केली. घ्यायचं तर घ्या, म्हणाले. तेव्हा तिनं तिच्या माहेरच्या एका ओळखीच्या माणसाकरवी थेट रामेश्वरकडून माल मागवला. रेल्वेनं पोती आली, स्टेशनवरून टांग्यात घालून शुक्रवार पेठेत आली, आणि ज्यांनी पाहायची त्यांनी ती पाहिली. त्यानंतर महिन्याभरात पेठेत एक नवीनच बोलणं सुरू झालं. कवडी ही देवीची, ती आराध्यांच्या गळ्यात शोभते. ही बाई देवीची कवडी पोरींच्या गळ्यात घालून त्यांना सिनेमाला पाठवते. ही बाई देवीचा बाजार मांडून बसलीय. दुकानात नेहमी येणारी माणसं येईनाशी झाली. तिच्या सासूला मठात कुणीतरी टोमणा मारला. माझ्या नवऱ्यालाही कामावर विचारलं गेलं की तुमच्या घरातलीही तिथं बसते म्हणे. हे बोलणं कुठून निघतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानंही तसं उघड म्हटलं नाही. त्या गप्प बसलेल्यांत चांगली, शिकलेली, सभ्य माणसं होती, त्यातली काही परवाच्या शोकसभेतही पुढच्या रांगेत होती.

नवरात्र जवळ आलं तसा एका दुपारी सात-आठ जणांचा घोळका अंगणात शिरला. बहुतेक सगळे शेठजींच्या गोदामात हमाली करणारे होते, आणि त्यांच्या पुढं कपाळाला कुंकू लावलेले एक-दोघे. देवीची विटंबना आम्ही चालू देणार नाही, म्हणाले. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तयार हारांच्या टोपल्या उचलल्या आणि दारापुढच्या गटारीत उलट्या केल्या. मुंबईला जायचा सगळा माल होता तो. कवड्या खळखळत खाली गेल्या. बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. नीलक्का दारात आली, उंबऱ्यावर उभी राहिली, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात रुक्मिणबाई उठली. सावकाश चालत गटारीपाशी गेली, पदर खोचला, गुडघे टेकून बसली आणि त्या काळ्या घाणीत हात घालून एकेक हार वर काढायला लागली. काढायची, कपाळाला लावायची आणि स्वतःच्या गळ्यात घालायची. घाण तिच्या चोळीवरून ओघळत होती. घोळका बघत राहिला. तिनं वर पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "देवीची हाय म्हंतासा, आन् गटारीत टाकतासा व्हय? मी रोज देवी गळ्यात घिऊन दारोदार फिरती. मला तर ती कवा म्हणली न्हाय, की पोरींनी मला घालू नये म्हून." ज्यानं टोपली उलटी केली होती त्याचे हात आपोआप जोडले गेले, बहुतेक सवयीनं, कारण समोर मळवट भरलेली आराधीण होती. मग एकेक जण मागच्या मागं निघून गेला.

मला वाटलं, संपलं. इतकं स्वच्छ, इतकं खरं बोलणं झाल्यावर माणसाला लाज वाटून ते थांबायला हवं... पण ज्यांचा देवीशी संबंधच नव्हता त्यांना लाज कुठून वाटणार? त्यांनी बैठक बोलावली, पेठेतल्या एका तालमीत. फक्त पुरुषांची. माझे पती गेले होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं. शेठजी मधोमध बसले होते, अतिशय मृदू बोलत होते. आम्हाला कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही, म्हणाले, पण लोकांच्या भावना भडकल्या तर आमच्याही हातात राहणार नाही. मल्लिनाथ अण्णा साधा माणूस, दुकानात गिऱ्हाईक नाही, घरात म्हातारी आई रडतेय. त्यांनी उभं राहून शब्द दिला की आजपासून आमच्या घरात हे काम होणार नाही. लोकांनी त्यांची पाठ थोपटली. ज्या बाईनं तो धंदा उभा केला होता तिला त्या तालमीच्या दारापर्यंतही कुणी बोलावलं नव्हतं.

अण्णा घरी आले तेव्हा मी तिथंच होते. ते खाली बघत सांगत होते आणि नीलक्का उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "तुमी तुमच्या दुकानाचा शब्द द्यायचा होता. माझ्या हाताचा शब्द तुमी कसा दिलात?" तिनं अंगणातल्या टोपल्या धुतल्या, उन्हात पालथ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून काम बंद केलं. दिलेला शब्द तिचा नव्हता, तरी तो तिनं पाळला, कारण तो मोडला असता तर अपमान अण्णांचा झाला असता. हे तिनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या वेळी मला तिचाच राग आला होता.

आणि मग पुढची संक्रांत आली. मी शाळेत नोकरीला लागले होते, सुट्टी होती म्हणून आम्ही दोघी गड्ड्यात गेलो. मोक्याच्या जागी एक मोठं दुकान लागलं होतं, वर विजेच्या माळा. आत कवड्यांचे हार टांगलेले. तेच लाल, हिरवं, पिवळं चादरीचं सूत, तीच वेणी, तीच गाठ, खाली तोच छोटा शंख. भिंतीवर देवीची मोठी तसबीर, तिला झेंडूचा हार, आणि तसबिरीखाली गादीवर शेठजी. काही महिन्यांपूर्वी ज्यानं विटंबना म्हणून आमचा माल गटारीत ओतवला, तो माणूस तोच माल देवीच्या तसबिरीखाली बसून विकत होता, आणि तालमीत त्याची री ओढणारे लोक आपल्या मुलींना घेऊन तिथं खरेदीला आले होते. नीलक्का सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. आता देवीचा अपमान होत नाही का, असं तिनं विचारलं. शेठजी जराही चिडले नाहीत. आम्ही आधी पूजा करतो, म्हणाले, त्यात भावना असते. मग म्हणाले, "तुम्ही या की आमच्याकडं. गोदामात बसा. तुमच्या हाताला आम्ही काम देऊ." तिनं पाठ फिरवली. परतीच्या वाटेवर मी रडत होते, तर मला म्हणाली, "कशाला रडलालीस? हात माझेच हायत अजून."

तरीही ती त्या गोदामात गेली. 'पेढीतली कामगार' म्हणतात ते एवढ्यावरून, म्हणून हे नीट सांगायला हवं. तिच्या अंगणातल्या बायका, रुक्मिणबाईसुद्धा, काम बंद झाल्यावर शेठजींकडे गेल्या होत्या. चूल पेटवायची होती, त्यांना दोष द्यायला जागा नव्हती आणि नीलक्कानं कधी दिलाही नाही. शेठजींनी तिथं कवड्या घासायला विजेची चाकं बसवली होती. पाणी लागलं की मोटार बिघडते म्हणून कोरडंच घासायचं. खिडक्या बंद. एकदा रस्त्यात नरसम्मा भेटली, केसांवर, पापण्यांवर पांढरी भुकटी, आणि खोकल्यानं वाक्य पुरं करता येईना. नीलक्का दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन कामाला बसली. काही आठवडे गेली असेल ती. रोज एक बादली पाणी भरून घेऊन जायची, आपल्या दगडावर ओलं घासायची, शेजारणीला घासायला लावायची, आणि रोज देखरेख करणारा माणूस ती बादली ओतून द्यायचा. शेवटी तिनं शेठजींना गाठलं आणि खिडक्या उघडा म्हणाली. आजूबाजूचे लोक धुळीची तक्रार करतात, म्हणून बंद ठेवल्यात, असं ते म्हणाले. पुढचं रुक्मिणबाईनं मला सांगितलं. नीलक्का म्हणाली, "शेजाऱ्यांना धूळ नको, मग ती ह्यांच्या छातीत भरायची व्हय?" जमत नसेल तर या तुम्ही, असं उत्तर मिळालं. नीलक्कानं पदर झटकला आणि निघाली. मागून रुक्मिणबाई निघाली, मग आणखी दोघीतिघी. सगळ्या निघू शकल्या नाहीत. नरसम्माही निघाली, पण तिच्या छातीतला खोकला गेलाच नाही. पुढं थोड्याच वर्षांत ती गेली. डॉक्टर दमा म्हणाले. पेढीवरून तिच्या दारात कुणी आलं नाही. तिच्यासाठी बोटभर बातमीही आली नाही.

नीलक्कानं मग वळसंगला, भावाच्या घराच्या मागच्या पडवीत काम मांडलं. शब्द शुक्रवार पेठेतल्या घरापुरता होता, वळसंगचा नव्हता. आठवड्यातून तीन-चारदा ती एसटीनं जायची. आणि इथं मला मल्लिनाथ अण्णांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांनी तिची माफी मागितल्याचं मला तरी माहीत नाही. पण कवड्यांचं पोतं दर वेळी तेच खांद्यावर घ्यायचे, आणि मागच्या बोळानं न जाता भर बाजारातून, त्या तालमीसमोरून, शेठजींच्या दुकानावरून स्टँडवर न्यायचे. काय नेताय अण्णा, असं कुणी विचारलं की मुद्दाम थांबून सांगायचे, "बायकोचा माल हाय." तिचं-त्यांचं बोलणं त्या पोत्यामुळंच परत सुरू झालं असावं.

वळसंगचं काम सत्तरचं दशक संपेपर्यंत चाललं. मग प्लॅस्टिकचे मणी आले, रंगीत, हलके, पाण्यात न बिघडणारे. मुंबईच्या बाईंचं दुकान बंद झालं, ती परदेशी मुलंही कुठं नाहीशी झाली. हार घेणारं कुणी उरलं नाही. शेठजी वेळेवर प्लॅस्टिककडे वळले, मग मुलाम्याच्या दागिन्यांकडे, मग सोन्याकडे. आज त्यांच्या वातानुकूलित दालनात दाराशी काचेची एक पेटी आहे, तिच्यात कवड्यांचे दोन हार ठेवलेत आणि खाली आमची परंपरा अशी पाटी आहे. मी मुद्दाम वाकून पाहिलं. त्यातल्या एका हाराच्या गाठी माझ्या हातच्या आहेत, मी ओढलेली गाठ थोडी डावीकडे कलते. अंगणातला तो हार त्यांच्याकडं कसा पोचला ते देवीच जाणे. मी हे नीलक्काला सांगितलं, तुम्ही जाऊन विचारा म्हणाले. ती म्हातारी झाली होती, अण्णा गेले होते. म्हणाली, "एकदा विचारलं की गं, भर गड्ड्यात. ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं." तिला ते पुरेसं वाटत होतं. मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. ऐकलेल्यांतले निम्मे मेले, उरलेले पुढच्या रांगेत बसून मान डोलावतात, आणि जो बोलत राहतो त्याचंच खरं होतं.

शोकसभेनंतर शेठजींचे चिरंजीव उमाकडे आले होते. आईंचा एखादा फोटो आणि जुना हार द्या, पेटीत ठेवू, तुमच्या आईंचा सन्मान होईल, म्हणाले. उमानं विचारलं, खाली काय लिहिणार? पेढीच्या ज्येष्ठ कामगार, असं ते म्हणाले. उमानं त्यांना चहा दिला, आणि फोटो दिला नाही. त्यांना यात काय चुकलं ते खरोखर कळलं नसावं. ते बिचारे लहानपणापासून हेच ऐकत मोठे झाले आहेत, आणि मला सगळ्यांत जास्त संताप याचाच येतो.

परवा कोजागरी झाली. कर्नाटकातून तुळजापूरला चालत निघालेली माणसं दर कोजागरीला आमच्या पेठेतून जातात. बाकीचं काम सुटलं तरी नीलक्का त्या दिवशी सकाळपासून ओट्यावर बसायची, दोरा-कवड्या घेऊन. चालून चालून कुणाची माळ तुटलेली असायची, कुणाची विरलेली. ती बसवून घ्यायची, पाणी द्यायची, माळ ओवून द्यायची. गेल्या वर्षीही बसली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बोटांनी चाचपून ओवत होती. यंदा उमा बसेल की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून मी सकाळीच गेले. उमा ओट्यावर होती. मी शेजारी बसले. ऊन वर आलं तशी इंडीकडची एक मुलगी आली, विशीतली, पायाला फडकी बांधलेली, मुठीत तुटलेली माळ. तिनं आमच्याकडं बघितलं, मग आत डोकावलं आणि विचारलं, "नीलक्का इद्दारेनु?" नीलक्का आहेत का, म्हणून. माझ्या आजीनं सांगून पाठवलंय, माळ तिथंच द्यायची, असं ती कानडीत म्हणाली.

उमानं तिला खाली बसायला सांगितलं आणि अक्का गेल्याचं सांगितलं. त्या मुलीनं मूठ उघडून सगळ्या कवड्या उमाच्या ओंजळीत ठेवल्या, आणि मी दोरा ओवायला घेतला.